महादेव विश्वनाथ धुरंधर

रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर (१८ मार्च १८६७, कोल्हापूर – १ जून १९४४) हे मराठी चित्रकार, बोधचित्रकार आणि कलाशिक्षक होते. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी आणि अध्यापक म्हणून त्यांनी एकूण ४१ वर्षे घालवली. पौराणिक व ऐतिहासिक प्रसंगचित्रांसाठी ते ओळखले जातात. मराठी घरांतील व्रतकथांवर आधारलेल्या मुलांच्या पुस्तकासाठी त्यांनी काढलेली रंगीत चित्रे आणि मुंबई इलाख्यातील शाळांच्या चित्रकला-शिक्षणाशी आलेला त्यांचा संबंध हा त्यांच्या कारकिर्दीचा तुलनेने दुर्लक्षित भाग आहे.

== शिक्षण ==
धुरंधरांचा जन्म पाठारे प्रभू कुटुंबात झाला. शालेय शिक्षण कोल्हापुरात झाले. त्या शहरात आबालाल रहिमान यांच्यासारखा चित्रकार होता आणि त्यांच्या कामाचा प्रभाव धुरंधरांवर लहान वयातच पडला. १८९० च्या जानेवारीत त्यांनी जे. जे. स्कूलमध्ये प्रवेश घेतला. तेव्हा अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेणारे जॉन ग्रिफिथ्स संस्थेचे प्रमुख होते. १८९५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात धुरंधरांना सुवर्णपदक मिळाले आणि पुढच्याच वर्षापासून ते त्याच संस्थेत शिकवू लागले.

== कहाण्यांची चित्रे ==
१९१४ मध्ये लंडनच्या मॅकमिलन प्रकाशनाने 'डेक्कन नर्सरी टेल्स' हे पुस्तक प्रसिद्ध केले. लेखक चार्ल्स ऑगस्टस किंकेड हे सनदी अधिकारी होते. द. ब. पारसनीस यांच्यासमवेत मराठ्यांचा इतिहास लिहिणारे ते हेच. पुस्तकातील गोष्टी म्हणजे वारांच्या आणि व्रतांच्या मराठी कहाण्यांची इंग्रजी रूपे होत. गाभारा दुधाने भरण्याचा संकल्प करणाऱ्या राजाची सोमवारची कहाणी त्यात आहे. साऱ्या नगरीचे दूध ओतूनही गाभारा भरत नाही. मुलाबाळांना, वासरांना पाजून उरलेले थोडेसे दूध घेऊन एक म्हातारी येते आणि तो भरतो. गरीब म्हणून भावाने पंगतीतून उठवलेल्या बहिणीची शुक्रवारची कहाणीही आहे. दिवस पालटल्यावर तोच भाऊ तिला जेवायला बोलावतो, तेव्हा ती पाटावर दागिने मांडून त्यांनाच घास ठेवते.

या कहाण्या देवघरापुढे सांगण्याच्या व ऐकण्याच्या. आटपाट नगर कोठे आहे, तेथील राजाने कोणते पागोटे बांधले आहे, हे सांगणाऱ्या बाईला सांगावे लागत नाही. ऐकणारे मूल आपापले नगर उभे करते. चित्रकाराला मात्र ही मोकळीक नसते. नेसणे, अंबाड्यातील फुले, दागिने, तांब्या-पितळेची भांडी, वाड्याची चौकट या सर्वांचा निर्णय त्याला एकदाच आणि कायमचा करावा लागतो. या बाबतीत धुरंधरांची तयारी मोठी होती. सण, लग्नविधी, बाजार आणि रस्त्यावरची माणसे यांची असंख्य रेखाटने ते करीत असत. पहिल्या पत्नी बापूबाई यांच्या अकाली निधनानंतर त्यांचा विवाह गंगूबाईंशी झाला. गंगूबाई त्यांच्या अनेक चित्रांतील स्त्रियांच्या आदर्श ठरल्या. त्यामुळे त्यांच्या पुराणकथांतील राण्याही पुष्कळदा ओळखीच्या घरातल्या वाटतात.

यात एक विसंगती राहतेच. कहाण्या मराठी, चित्रकार मराठी, पण पुस्तक इंग्रजी आणि लंडनचे. ज्या मुलांना या गोष्टी तोंडपाठ होत्या, त्यांपैकी फार थोड्यांच्या हाती ते पडले असेल.

इतर ग्रंथांपैकी एस. एम. एडवर्ड्स यांचे 'बाय-वेज ऑफ बॉम्बे' (१९१२) आणि ऑटो रॉथफेल्ड यांचे 'विमेन ऑफ इंडिया' (१९२०) ही धुरंधरांच्या चित्रांमुळे विशेष ओळखली जातात. याशिवाय पोस्टकार्डे आणि रेल्वेची जाहिरातचित्रेही त्यांनी केली.

== शाळा आणि निरीक्षकपद ==
अध्यापकापासून मुख्याध्यापकपदापर्यंत पोहोचलेल्या धुरंधरांनी मुंबई इलाख्याचे चित्रकला व हस्तव्यवसाय निरीक्षक म्हणूनही काम पाहिले. त्या काळी इलाख्याचा विस्तार सिंधपासून कर्नाटकापर्यंत होता. शालेय चित्रकलेत मुक्तहस्त रेखाटन, भूमिती आणि वस्तुचित्रण यांवर भर असे. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या श्रेणी परीक्षांची परंपरा याच व्यवस्थेतून आली आणि महाराष्ट्रातील विद्यार्थी त्या परीक्षांना आजही बसतात. ज्या शिस्तबद्ध रेखांकनावर धुरंधरांची स्वतःची बोधचित्रे उभी होती, तेच शाळांतून शिकवले जात होते. स्वतःच्या मनाने चित्र काढण्यास त्यात मुलांना कितपत वाव होता, हा प्रश्न मात्र नंतरच्या कलाशिक्षणाने योग्यच उपस्थित केला.

== उत्तरकाल आणि मूल्यमापन ==
नवी दिल्लीतील सचिवालयाच्या सजावटीत मुंबईच्या कलावंतांबरोबर धुरंधरांचाही सहभाग होता. जे. जे. स्कूलचे संचालकपदही त्यांनी काही काळ हंगामी स्वरूपात सांभाळले. त्या पदावर येणारे ते पहिले भारतीय मानले जातात. १९३१ मध्ये ते निवृत्त झाले. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे त्यांचे आत्मकथन १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईच्या कलाशिक्षणाच्या अभ्यासकांसाठी ते महत्त्वाचे साधन आहे.

बंगालमधील पुनरुज्जीवनवादी चळवळीला मुंबईची वास्तवदर्शी शैली परकी वाटत होती, तर स्वातंत्र्यानंतरच्या आधुनिकतावादी चित्रकारांना ती जुनाट वाटली. गोष्ट सांगणारी चित्रे काढणारा म्हणजे दुय्यम चित्रकार, या समजुतीचा फटका धुरंधरांना दीर्घकाळ बसला. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाने २०१८ मध्ये मुंबईत त्यांच्या कामाचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले, तेव्हा त्यांच्याविषयीची चर्चा पुन्हा सुरू झाली.

त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर (१९१२–२००९) यांनीही जे. जे. स्कूलमध्ये शिक्षण घेतले व १९३१ मध्ये, म्हणजे वडिलांच्या निवृत्तीच्याच वर्षी, पदविका मिळवली. खार येथील 'अंबासदन' या घरात त्यांनी वडिलांची चित्रे अनेक वर्षे जपली. 'डेक्कन नर्सरी टेल्स' आता स्वामित्वहक्कातून मुक्त असून आंतरजालावर विनामूल्य वाचता येते.