व्हेनिसचे पाषाण, चांदीचे पत्रे

१८४५ च्या सप्टेंबर महिन्यात जॉन रस्किन व्हेनिसला पोहोचले, तेव्हा त्यांचे वय सव्वीस वर्षांचे होते. शहर त्यांना नवे नव्हते. सोळाव्या वर्षी आईवडिलांसमवेत आणि पुढे १८४१ मध्ये त्यांनी ते पाहिलेले होते. या खेपेला मात्र खाडीच्या पाण्यावर आगगाडीचा पूल उभा राहिलेला दिसला. मुख्य भूमीपासून शहरापर्यंतचा साडेतीन किलोमीटरांहून लांब असा हा पूल पूर्ण होत आला होता आणि पुढच्याच जानेवारीत त्यावरून गाड्या धावू लागल्या. कालव्यांच्या काठी गॅसचे दिवे आले होते. जुन्या वाड्यांना परांच्या बांधून जीर्णोद्धाराची कामे सुरू होती. ग्रँड कॅनालच्या काठचा का दोरो, म्हणजे सोन्याचा वाडा, हा पंधराव्या शतकातील अप्रतिम प्रासाद. रस्किन त्याचे चित्र काढू लागले, तर गवंडी त्यांच्या डोळ्यांदेखत त्याचे दगड काढून टाकत होते. पेन्सिलीने हातोड्याशी बरोबरी करावी तरी किती?

याच दिवसांत त्यांची गाठ हलाखीत सापडलेल्या एका फ्रेंच माणसाशी पडली. त्याच्यापाशी व्हेनिसमधील वाड्यांचे काही डॅगेरोटाइप होते. छायाचित्रणाची ही पद्धत १८३९ मध्ये पॅरिसमध्ये जाहीर झाली होती. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा देऊन तो आरशासारखा घासायचा, आयोडिनच्या वाफेने त्याला प्रकाशाची जाणीव द्यायची, कॅमेऱ्यात ठेवून समोरचे दृश्य त्यावर पडू द्यायचे आणि मग पाऱ्याच्या वाफेवर धरायचे, की प्रतिमा उमटते. त्याची दुसरी प्रत निघत नाही. प्रतिमा उलटी, आरशात दिसावी तशी असते. पत्रा किंचित तिरका धरल्याशिवाय ती नीट दिसतही नाही. पण जे दिसते ते भिंगाखाली पाहावे इतके बारीक. दगडाला गेलेला तडा, गिलाव्यावरचा डाग, कमानीच्या कोरीव पानांची झिजलेली कड, काहीच सुटत नाही. रस्किन हरखून गेले. वाडाच उचलून घरी नेल्यासारखे त्यांना वाटले. ते पत्रे त्यांनी विकत घेतले आणि वडिलांना पत्र लिहून या नव्या विद्येची तोंडभरून स्तुती केली.

वडिलांना कळवल्याशिवाय त्यांच्या आयुष्यात फारसे काही घडतच नसे. ८ फेब्रुवारी १८१९ रोजी लंडनमध्ये जन्मलेले रस्किन हे जॉन जेम्स आणि मार्गारेट रस्किन यांचे एकुलते एक अपत्य. वडिलांचा स्पॅनिश शेरी मद्याचा भरभराटीचा व्यापार होता. आई कडवी धर्मनिष्ठ. मुलाकडून रोज बायबलचे वाचन आणि पाठांतर ती करून घेई. त्यांच्या गद्याला जी लय आहे तिचे मूळ पुष्कळ अंशी या सक्तीच्या पाठांतरात आहे. १८३७ मध्ये मुलगा ऑक्सफर्डला शिकायला गेला, तर आईनेही त्याच गावात बिऱ्हाड केले!

ऑक्सफर्डमधील एक गोष्ट मराठी वाचकाला गंमतीची वाटेल. तेथील न्यूडिगेट या मानाच्या काव्यस्पर्धेचे पारितोषिक रस्किन यांना १८३९ मध्ये मिळाले. त्या वर्षीचा विषय होता साष्टी आणि घारापुरी. मुंबईच्या परिसरातील ही बेटे त्यांनी कधीही पाहिली नव्हती आणि पुढेही पाहिली नाहीत. लेण्यांतील अंधार आणि मूर्ती त्यांनी पुस्तकांवरून रंगवल्या. पारितोषिकाच्या समारंभाला ज्येष्ठ कवी वर्ड्‌स्वर्थ उपस्थित होते. न पाहिलेल्या जागेवर लिहून बक्षीस मिळवणाऱ्या या तरुणाने पुढे आयुष्यभर लोकांना एकच गोष्ट बजावून सांगितली, ती म्हणजे आधी नीट पाहा. चित्रकार टर्नर यांची बाजू मांडण्यासाठी त्यांनी लिहिलेल्या ‘मॉडर्न पेंटर्स’ या ग्रंथाचा पहिला खंड १८४३ मध्ये निघाला आणि चोविसाव्या वर्षी ते कलासमीक्षक म्हणून पुढे आले.

१८४८ च्या एप्रिलमध्ये रस्किन यांचा विवाह एफी ग्रे या स्कॉटिश तरुणीशी झाला. ते वर्ष युरोपभर उठावांचे होते. व्हेनिसनेही ऑस्ट्रियाचे राज्य झुगारून दानिएले मानिन यांच्या नेतृत्वाखाली प्रजासत्ताक जाहीर केले. ऑस्ट्रियाने शहराला वेढा दिला, तोफा डागल्या. उपासमार आणि पटकी यांनी जेरीस आलेल्या व्हेनिसने १८४९ च्या ऑगस्टमध्ये शरणागती पत्करली. त्यानंतर तीनच महिन्यांत रस्किन दाम्पत्य तेथे दाखल झाले. सहलीला येण्याचे ते दिवस नव्हते. परंतु रस्किन यांना धास्ती होती ती तोफगोळ्यांनी जे सोडले ते जीर्णोद्धार करणारे घेऊन जातील याची. त्यामुळे त्यांना आता थांबणे शक्य नव्हते.

डानिएली हॉटेलात मुक्काम ठेवून १८५० च्या मार्चपर्यंत त्यांनी जे काम केले, ते कोणत्याही प्रवाशाच्या कल्पनेपलीकडचे आहे. कोणत्या वाड्याची कोणती कमान कोणत्या काळातील, याबद्दल इतिहासाच्या पुस्तकांत एकवाक्यता नव्हती. तेव्हा त्यांनी दगडालाच साक्षीला बोलावले. शिड्या लावून, कठड्यांवर चढून, टेपने मोजून त्यांनी शेकडो खांब, कमानी, दारे, खिडक्या टिपल्या. त्यांच्या वह्यांना नावेही साधी होती. दारांची वही, घरांची वही, प्रासादांची वही. ड्यूकल पॅलेसच्या खालच्या ओवरीतील छत्तीस स्तंभशीर्षांची त्यांनी एकेक करून नोंद केली. कोणत्या शीर्षावर कोणता सद्‌गुण आहे, कोठे ग्रह, कोठे फळे, कोणती आकृती मूळची आणि कोणती मागाहून बसवलेली, असा सारा तपशील त्यात आहे.

या कामात त्यांच्या हाताशी जॉन हॉब्ज हा सेवक होता. घरात धनी जॉन आणि धन्याचे वडीलही जॉन; त्यात नोकराचीही भर नको म्हणून त्याला जॉर्ज म्हणत. हा जॉर्ज साधा हरकाम्या नव्हता. तोवर रस्किन यांनी स्वतःची डॅगेरोटाइपची सामग्री घेतली होती. पत्रे घासणे, वाफा देणे, तिवई उभी करणे, वेळ मोजणे हा खटाटोप बव्हंशी जॉर्ज सांभाळी. कोणत्या कोनातून काय घ्यायचे हे मात्र रस्किन ठरवत. याच जोडीने १८४९ च्या उन्हाळ्यात आल्प्समधील मॅटरहॉर्न शिखराचे डॅगेरोटाइप घेतले होते आणि त्या पर्वताची सूर्याने काढलेली ती पहिलीच प्रतिमा, असे रस्किन अभिमानाने सांगत.

त्या काळी व्हेनिसचे छायाचित्र घेणे म्हणजे काय, याची आज कल्पना येणे कठीण आहे. प्रकाश पत्र्यावर बराच वेळ पडू द्यावा लागे. तेवढ्या वेळात हलणारे काहीही टिकत नसे. चालती माणसे नाहीशी होत, गोंडोला धुरासारख्या पुसट होत, कालव्याचे पाणी काचेसारखे सपाट दिसे. गजबजलेले शहर पत्र्यावर निर्मनुष्य उमटे. आकाश बहुधा पांढरेफटक येई. आणि हिवाळ्याच्या दमट हवेत, अरुंद गल्लीत, वर-खाली होणाऱ्या पाण्याच्या काठी तिवई स्थिर ठेवायची! सर्वसाधारण छायाचित्रकार सान मार्कोचा चौक किंवा रिआल्तोचा पूल पूर्ण चौकटीत बसवू पाहत. रस्किन यांचा कॅमेरा एखाद्या कोपऱ्याशी जाऊन थांबे. एक स्तंभशीर्ष, अर्धी खिडकी, कमानीचा एकच पाय. पुष्कळदा चौकट अशी काही तोडलेली असे, की आजच्या छायाचित्रकाराला ती आपल्या काळातील वाटावी. तो हेतू अर्थातच नव्हता. त्यांना हवा होता तो पुरावा.

एफीने माहेरी लिहिलेल्या पत्रांतून या उद्योगाचे गमतीदार चित्र मिळते. सान मार्कोच्या चौकात तिचा नवरा कधी डोक्यावर काळे फडके घेऊन कॅमेऱ्यामागे उभा, तर कधी धूळ आणि कोळिष्टके अंगावर घेऊन खांबाच्या टोकाशी चढलेला. भोवती रिकामटेकड्यांची गर्दी. खाली उतरल्यावर नोकराकडून निमूटपणे अंग झाडून घेणारा. त्याला त्या गर्दीचे भानही नसे. एफी स्वतः ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांच्या नृत्यसमारंभांना जाई, व्हेनिसच्या उमरावांकडे तिचे स्वागत होई. एकाच शहरात दोघे दोन वेगळी आयुष्ये जगत होती. १८५१ च्या सप्टेंबरपासून १८५२ च्या जूनपर्यंत ती पुन्हा तेथे राहिली. विवाह नावापुरताच होता. १८५४ मध्ये तो न्यायालयाने रद्दबातल ठरवला आणि पुढच्या वर्षी एफीने चित्रकार जॉन एव्हरेट मिले यांच्याशी लग्न केले. लंडनच्या समाजाला ही चर्चा वर्षानुवर्षे पुरली. दगडाची प्रत्येक शीर ओळखणाऱ्या माणसाला शेजारच्या खोलीतील एकाकीपण दिसले नाही, हे नाकारण्यात अर्थ नाही.

‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’चा पहिला खंड १८५१ मध्ये आणि उरलेले दोन १८५३ मध्ये प्रसिद्ध झाले. व्हेनिसच्या ऱ्हासाची त्यांनी तारीखच दिली आहे. ८ मे १४१८, दर्यासारंग कार्लो झेनो यांच्या मृत्यूचा दिवस. इतका नेमका दिवस इतिहासाला मानवणारा नाही आणि इतिहासकारांनी तो मानलाही नाही. पण दुसऱ्या खंडातील गॉथिक शैलीच्या स्वरूपावरचे प्रकरण मात्र स्थापत्याच्या बाहेर जाऊन पोहोचले. ओबडधोबड का असेना, पण कोरणाऱ्याला स्वतःच्या मनाने कोरू देणारी कला श्रेष्ठ. आणि माणसाला यंत्राचा सुटा भाग करून घडवलेले गुळगुळीत काम हे गुलामीचे लक्षण, असे त्यांनी मांडले. विल्यम मॉरिस त्यावरच पोसले. जीर्णोद्धार या शब्दाला आपल्याकडे पुण्याचा सुगंध आहे. रस्किन यांच्या लेखी तो इमारतीचा सर्वांत पुरता विनाश होता, कारण मूळ कारागिराचा हात गेला की तो परत आणता येत नाही.

डॅगेरोटाइपविषयीची त्यांची भावना मात्र पुढे निवळत गेली. चित्रे कोरून घेण्यासाठी, मोजमापे पडताळण्यासाठी पत्रे त्यांना लागत. पण छाया काळवंडते, आकाश हरवते आणि मुख्य म्हणजे कॅमेरा पाहणाऱ्याचे श्रम वाचवतो, ही त्यांची तक्रार वाढत गेली. चित्र काढताना डोळा ज्या जागी पुन्हापुन्हा थांबतो, तेथे कॅमेऱ्यावर विसंबलेला माणूस थांबत नाही. छायाचित्र नोंदीसाठी उत्तम, कलेसाठी नव्हे, या मतावर ते स्थिरावले. तरीही धोक्यात आलेल्या इमारतींची छायाचित्रे घेऊन ठेवा, हा आग्रह त्यांनी सोडला नाही.

त्यांच्या मतांना अंध बाजूही होती. १८५७ च्या उठावानंतर, १८५८ च्या जानेवारीत लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानात त्यांनी भारतीय कलेच्या नाजूक नक्षीचा संबंध क्रौर्याशी जोडला. व्हेनिसमध्ये एकेका पानाचा अभ्यास करणाऱ्याने येथे एकही लेणे न पाहता निवाडा दिला. आणि त्याच माणसाचे ‘अनटू धिस लास्ट’ हे १८६० मध्ये मासिकातून आलेले लिखाण १९०४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील रेल्वेप्रवासात मोहनदास गांधी यांनी एका बैठकीत वाचून काढले, फिनिक्सची वसाहत स्थापली आणि पुढे ‘सर्वोदय’ या नावाने त्याचा सारांश गुजरातीत आणला. विनोबांच्या तोंडून महाराष्ट्रात घरोघरी गेलेला तो शब्द या वाटेने आला आहे.

वडिलांची मोठी संपत्ती वारसा म्हणून आली, ती रस्किन यांनी पुष्कळशी वाटून टाकली. ऑक्सफर्डमध्ये ललितकलेचे पहिले स्लेड प्राध्यापक म्हणून १८६९ मध्ये त्यांची निवड झाली. रोझ ला टूश या तरुणीवरील त्यांचे निष्फळ प्रेम १८७५ मध्ये तिच्या मृत्यूने संपले. नंतर १८७६ च्या शरद ऋतूत ते व्हेनिसला दीर्घ मुक्कामासाठी आले. कार्पाच्चो यांचे संत अर्सुलाचे स्वप्न हे चित्र नकलून काढता काढता झोपलेल्या त्या कुमारिकेत त्यांना रोझ दिसू लागली. त्या नाताळात मनाचा तोल ढळू लागल्याची चिन्हे प्रकटली आणि पुढे वेडाचे झटके वारंवार येत राहिले.

तरी त्याच मुक्कामात एक काम तडीस गेले. सान मार्को चर्चची दक्षिण बाजू जीर्णोद्धारात पार बदलून गेली होती; जुना रंगीत संगमरवर जाऊन नवा आला होता. आल्विझे झोर्झी या व्हेनिसच्या तरुण उमरावाने त्याविरुद्ध पुस्तिका लिहिली. रस्किन यांनी १८७७ मध्ये तिला प्रस्तावना दिली. पश्चिमेकडील मुख्य दर्शनी भागाचीही तीच गत होणार होती. १८७९ मध्ये मॉरिस यांच्या संस्थेने इंग्लंडमध्ये गदारोळ उठवला, इटलीतही विरोध झाला आणि ते काम थांबले. तीस वर्षांपूर्वी घेतलेल्या चांदीच्या पत्र्यांवर जुनी दक्षिण बाजू शाबूत होती. का दोरोच्या अंगणातील विकली गेलेली कोरीव विहीर मात्र पुढे सापडली. १८९४ मध्ये वाडा विकत घेणाऱ्या बॅरन फ्रँकेत्ती यांनी ती परत मिळवून जागेवर बसवली.

रस्किन १८८८ मध्ये शेवटचे व्हेनिसला गेले. त्यानंतरची वर्षे त्यांनी कॉनिस्टन तळ्याकाठच्या ब्रँटवुड या घरात जवळजवळ मौनात काढली. २० जानेवारी १९०० रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मार्सेल प्रूस्त रस्किन यांच्या ग्रंथांच्या ओढीने व्हेनिसला गेले होते.

घरातील सामान १९३०-३१ च्या सुमारास लिलावात विखुरले. काही डॅगेरोटाइप संग्राहक जॉन हॉवर्ड व्हाइटहाउस यांच्या हाती लागले. तो संग्रह २०१९ मध्ये लँकेस्टर विद्यापीठाने घेतला. बाकीचे हरवले, असेच सारे धरून चालले होते. २००६ मध्ये पेन्रिथ या उत्तर इंग्लंडमधील गावी एका लिलावात महोगनीची एक पेटी किरकोळ किमतीला मांडली गेली. केन आणि जेनी जेकबसन या अभ्यासक दाम्पत्याने ती ओळखली आणि चढाओढीत जिंकली. आत १८८ पत्रे होते. ते रस्किन यांचे आहेत हे सिद्ध करण्यात त्यांची पुढची अनेक वर्षे गेली आणि २०१५ मध्ये त्यावरचा ग्रंथ निघाला. कित्येक पत्रे काळवंडले आहेत, काहींवर पाण्याचे डाग आहेत. पण त्यातल्या व्हेनिसच्या पत्र्यांवर, तिरके धरले की, ड्यूकल पॅलेसचे कोपरे, सान मार्कोची तोरणे आणि माणसाविना रिकामे कालवे उलट्या बाजूने का होईना, अजून दिसतात.