डॉ. होमी भाभा आणि गणकयंत्र

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. मुलाने अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची इच्छा होती. केंब्रिज येथे अभियांत्रिकीची परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण होऊन होमींनी ती मान राखली. मग मात्र त्यांनी आपल्या आवडीच्या पदार्थविज्ञानाला वाहून घेतले.

१९३९ साली ते सुट्टीत मायदेशी आले आणि महायुद्ध पेटल्यामुळे येथेच राहिले. भारतातच उत्तम संशोधन व्हावे, या ध्यासाने त्यांनी १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली.

संशोधनातील लांबलचक आकडेमोड हाताने करण्यात फार काळ जाई. परदेशांत हे काम विद्युत् गणकयंत्रे करू लागली होती; आज आपण त्यांना संगणक म्हणतो. असे यंत्र आपल्याच संस्थेत घडवावयाचे ठरले. योग्य माणूस निवडावा आणि त्याच्यावर विश्वास टाकावा, ही भाभांची रीत होती. १९५४ साली हे काम आर. नरसिंहन या तरुण गणितज्ञाकडे आले. त्यांच्या बहुतेक सहकाऱ्यांनी गणकयंत्र कधी वापरलेही नव्हते!

एकदम मोठे यंत्र उभारले आणि ते चालले नाही, तर हजारो भागांतून चूक शोधावी कशी? म्हणून प्रथम नमुन्याचे एक छोटे यंत्र बांधण्यात आले. गणकयंत्र स्वतः विचार करीत नाही; त्याला क्रमवार आज्ञा द्याव्या लागतात. त्या कागदी फितीवर छिद्रे पाडून यंत्रात घालीत. एक आज्ञा चुकली, की उत्तर चुकलेच. अशा वेळी न कंटाळता प्रत्येक पायरी पुन्हा तपासावी लागते.

१९५६ साली छोटे यंत्र चालू झाले आणि तेथील अनुभवावर मोठ्याची उभारणी झाली. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. १९६० साली ते काम करू लागले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. तोवर परदेशांत नळ्यांऐवजी ट्रान्झिस्टरची यंत्रे आली होती. टिफ्रॅक काही वर्षांतच मागे पडले. परंतु ते घडविताना तयार झालेली माणसे देशाच्या कामी आली.

२४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्स पर्वतातील विमान अपघातात डॉ. भाभांचा अंत झाला. यंत्रे जुनी होतात. स्वतः करून मिळविलेले ज्ञान मात्र पुढच्या पिढीच्या हाती राहते.