पंडिता रमाबाई : बाप्तिस्म्यानंतरचीं आठ वर्षें

पंडिता रमाबाईंचें नांव ठाऊक नाहीं असें ख्रिस्ती घर महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल. शारदासदन, केडगांवचें मुक्तिमिशन, दुष्काळांतून वांचविलेल्या मुली, हें सर्व आपण ऐकलेलें आहे. परंतु त्यांच्या चरित्रांतील जो भाग खेड्यांतील मंडळींस सर्वांत जवळचा, तोच सांगतांना आपण घाई करितों. बाप्तिस्मा घेतल्यावर आठ वर्षें ह्या बाईंस आपला तारणारा गवसला नव्हता.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. लोकनिंदा सोसून त्यांनीं पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि आईनें तें मुलीस दिलें. सारें कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थीं पायीं हिंडे. देव भेटावा म्हणून उपास झाले, दानें झालीं, स्नानें झालीं. गांठची पुंजी सरली. १८७४ सालच्या सुमारास दुष्काळांत आईबाप गेलीं, मागून थोरली बहीणही गेली. रमा व भाऊ श्रीनिवास हीं दोघें अर्धपोटीं चालत राहिलीं आणि १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील विद्वानांनीं रमाबाईंस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. मान मिळाला; देव मात्र भेटला नाहीं, उलट जुनी श्रद्धाच ढासळली.

१८८० सालीं त्यांनीं बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशीं विवाह केला. आसामांत सिल्चर येथें पतीच्या पुस्तकांत त्यांस बंगालीतील लूकचें शुभवर्तमान सांपडलें. १८८२ सालीं पति पटकीनें वारले आणि तान्ह्या मनोरमेस घेऊन त्या पुण्यास आल्या. पुढच्या वर्षीं त्या इंग्लंडास गेल्या. तेथें फुलहॅम येथें पतित स्त्रियांना मायेनें जवळ करणाऱ्या धर्मभगिनी त्यांनीं पाहिल्या. ह्या स्त्रियांविषयीं ही माया कोठून आली असें विचारल्यावर त्यांस शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविण्यांत आली. नहेम्या नीलकंठशास्त्री गोऱ्हे ह्यांच्या लेखांनीं बुद्धीचे संशय फिटले होते. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

वाचकहो, येथें कथा संपली असें वाटतें ना? रमाबाईंसही कांहीं काळ तसेंच वाटलें. ख्रिस्ती धर्म खरा हें त्यांस पटलें होतें. त्या शास्त्र वाचीत, उपासनेस जात, परोपकार करीत. १८८९ सालीं मुंबईस विधवांसाठीं शारदासदन काढलें, तें पुढल्या वर्षीं पुण्यास नेलें. तरी अंतःकरणास विसावा नव्हता. पापाचा भार होता तेथेंच होता. आपण चांगलें वागूं, मग देव आपणांस जवळ घेईल, हा तीर्थयात्रेंतला जुना हिशेब नव्या धर्मांतही त्यांच्या मनांत चालूच राहिला होता.

अशा स्थितींत त्यांच्या हातीं हॅस्लम नांवाच्या एका इंग्रज पाळकाचें आत्मवृत्त आलें. हा गृहस्थ कित्येक वर्षें उपदेश करीत होता आणि १८५१ सालीं स्वतःच्याच व्यासपीठावर, स्वतःच्याच उपदेशानें त्याचें अंतःकरण पालटलें. (आपल्या मास्तरांना व पाळकांना ही हकीकत वाचतांना थोडें अवघडल्यासारखें होईल, होऊं द्यावें.) रमाबाईंस त्यांत आपलेंच चित्र दिसलें. आपणांस धर्म मिळाला आहे, पण धर्माचा जो प्राण तो ख्रिस्त आपला झालेला नाहीं, हें त्यांनीं ओळखलें. पंडितेला हें कबूल करणें सोपें नव्हतें. १८९१ सालीं त्यांनीं आपली सारी विद्या व पुण्याई बाजूस ठेवून, आहें तशी मला घे, अशा भावानें प्रभूचे पाय धरिले. तेव्हां भार उतरला.

ह्या जवळिकीची किंमत लागलीच द्यावी लागली. शारदासदनांत धर्मशिक्षणाची सक्ति नव्हती, पण बाईंच्या खोलीचें दार प्रार्थनेच्या वेळीं उघडें असे आणि मुली आपण होऊन येऊन बसत. १८९३ सालीं त्यावरून पुण्यांत गहजब झाला. रानडे, भांडारकर ह्यांच्यासारखे हितचिंतक दूर झाले, आणि पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. दार लावून घ्या, एवढेंच लोकांचें म्हणणें होतें. तें त्यांनीं लाविलें नाहीं.

१८९६ सालीं लोणावळ्याच्या सभांस त्या पंधरा ख्रिस्ती मुलींसह गेल्या होत्या. एके पहाटे रानांत एकट्या जाऊन त्यांनीं प्रार्थना केली, कीं पुढल्या वर्षापर्यंत ह्या पंधरांच्या पंधरापट व्हाव्या. त्या वेळीं सदनांत पन्नास मुलीही नव्हत्या. लवकरच मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. स्वतः उपासमार भोगलेल्या बाई तिकडे धांवल्या आणि सुमारें तीनशें मुली घेऊन आल्या.

उतारवयांत त्यांनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, अडाणी बायकांस समजेल अशा मराठींत सबंध पवित्र शास्त्र उतरविलें. जुळणी व छपाई मुक्तीच्या मुलींच्याच हातची. १९२१ सालीं मनोरमा आईच्या आधीं गेली. रमाबाईंस तोंपर्यंत ऐकूंही फारसें येत नव्हतें, तरी मुद्रितें तपासणें चालूच होतें. तीं संपेपर्यंत दिवस दे, असें मागणें त्यांनीं प्रभूपाशीं मागितल्याचें सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूकडे गेल्या. ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला.