संत गाडगेबाबा

संत गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. वडील दारूपायी लवकर वारले. मग आई डेबूला घेऊन दापुरे गावी माहेरी आली. डेबू मामाची गुरे राखी, शेतात राबे. शाळेत मात्र गेला नाही. मामांना पण वाचता येत नव्हतं. त्यांनी सावकाराच्या कागदावर अंगठा दिला आणि शेत गेलं. कागदात काय लिहिलंय ते घरात कुणालाच कळलं नव्हतं. हे मी आजीला वाचून दाखवलं तर ती गप्पच बसली. आमची आजी पण अंगठाच देते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि एक मातीचे गाडगे. जेवण त्यातच, पाणी पण त्यातच. म्हणून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटकी बांगडी. चित्र मी खाली काढलं आहे, पण कवडी नीट जमली नाही.

गावात आले की बाबा आधी रस्ता झाडत. रात्री कीर्तन करत. कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारत. दारू सोडा, कर्ज काढून लग्न करू नका, मुलांना शाळेत घाला, असे सांगत. आंधळे, पांगळे, महारोगी यांना जवळ बसवून जेवू घालत.

लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी नाशिक, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरला त्या वेळी अस्पृश्य म्हटलेल्या वारकऱ्यांना कुणी ओसरीवर पण टेकू देत नसे. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेला मुलांच्या वसतिगृहासाठी दिली. म्हणजे झोपायची जागा होती तिथं अभ्यासाची पण झाली. बाबा स्वतः मात्र झाडाखाली नाहीतर कुठंही झोपत. मला हेच जास्त आवडलं.

१९५४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडच्या कॉलेजला गाडगेबाबांचे नाव दिले. जो माणूस एक दिवस शाळेत गेला नाही त्याचं नाव कॉलेजला! २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीकाठी बाबा वारले.

आमच्या गावाच्या ओढ्याकडेला ऊसतोडीच्या कोप्या आहेत. तिथली दोन मुलं यंदा आमच्या वर्गात बसतात. पट्टा पडला की ती जाणार. त्यातल्या एकाला आता जोडाक्षरं येतात. मुकादमाच्या वहीत उचल किती लिहिली आहे ते तो वडिलांना वाचून दाखवतो.

– इयत्ता चौथी