फादर जुझे वाज : सांकवाळच्या शाळेपासून कँडीपर्यंत

सांकवाळला आरोग्यमातेच्या जुन्या इगर्जीचा फक्त दर्शनी भाग उभा आहे. बाकीची इमारत १८३४ च्या आगीत गेली. आपल्या सभासदांपैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल. फादर जुझे वाज यांचे वडील याच गावचे. आई बाणावलीची, आणि २१ एप्रिल १६५१ रोजी जुझेचा जन्म झाला तो आजोळी, बाणावलीला.

त्या काळी सासष्टीत प्रत्येक इगर्जीला लागून एक लहान शाळा असे. तिथला मेस्त धर्मशिक्षण, वाचन-लेखन आणि गाणे-वाजवणे शिकवी. गोव्यातल्या घराघरांत व्हायोलिन कुठून आले, याचे उत्तर या शाळांत सापडते. (फादर स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये याच सासष्टीतल्या राशोलला छापले गेले, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.) जुझे पोर्तुगीज शिकले सांकवाळला, लॅटिन बाणावलीला, आणि पुढचे शिक्षण जुन्या गोव्यात. १६७६ मध्ये दीक्षा झाली. प्रवचनकार म्हणून नाव होऊ लागले असताना त्यांनी सांकवाळला गावातल्या मुलांसाठी लॅटिनची शाळा काढली. लॅटिन आल्याशिवाय पाद्री होता येत नसे, त्यामुळे गरीब घरच्या मुलाला ही शाळा म्हणजे एक दारच होते.

१६८१ मध्ये त्यांना कानडा प्रांतात पाठवले. बसरूर, कुंदापूर, गंगोळी, कल्याणपूर या भागांत गोव्याहून गेलेली ख्रिस्ती कुटुंबे विखुरलेली होती. पोर्तुगालच्या राजाचा हक्क की रोमने नेमलेल्या धर्माधिकाऱ्याचा, या वादात तिथली माणसे भरडली जात होती. फादर वाज दोन्ही बाजूंशी आदराने वागले आणि आपले काम करत राहिले. इगर्जी पुन्हा उभ्या केल्या, लहान शाळा काढल्या, गुलाम झालेल्या ख्रिस्ती माणसांना पैसे भरून सोडवले. तीन वर्षांनी ते गोव्याला परतले आणि जुन्या गोव्यातल्या गोमंतकीय पाद्रींच्या एका छोट्या मंडळात सामील झाले. पुढे हेच मंडळ ओरेटरी म्हणून ओळखले गेले. युरोपीय संघ इथल्या माणसाला आपल्यात घेत नसत, म्हणून ही सोय. मात्र या मंडळातही ब्राह्मण कुळातल्यांनाच प्रवेश असे. आज ते खटकते, आणि खटकायलाच हवे.

श्रीलंकेची गोष्ट इथून सुरू होते. १६५८ पर्यंत डचांनी पोर्तुगीजांना तिथून हुसकावले होते. कॅथलिक पाद्रीला बंदी होती, आणि त्यांच्या आधीच्या इगर्जी-शाळा डचांनी आपल्या पंथाकडे वळवल्या होत्या. हजारो माणसे पाद्रीविना होती. फादर वाज १६८७ मध्ये मजुराच्या वेशात, जुआंव नावाच्या एका सोबत्यासह, जाफन्याला पोहोचले. पोहोचताच हगवणीने अंथरुणाला खिळले. बरे झाल्यावर गळ्यात जपमाळ घालून दारोदार भिक्षा मागू लागले. जपमाळ पाहून कुणाच्या डोळ्यांत ओळख उमटते, ते पाहायचे. असे एकेक घर सापडत गेले. मिस्सा रात्री होई, पहाट होण्याआधी सगळे पांगत.

एक माणूस सगळीकडे पुरणार कसा? त्यांनी गावोगाव त्या गावातलाच एक जाणता माणूस नेमला. तमिळ भागात त्याला मुप्पू म्हणत. प्रार्थना चालवायची, मुलांना शिकवायचे, आजारी माणसाकडे जायचे, हे काम त्याच्याकडे. पाद्री वर्षातून एकदा आला तरी गावचे चालू राहावे, अशी ही व्यवस्था. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातले हे सर्वांत शहाणपणाचे काम, पण चमत्कारांच्या कथांमुळे ते मागे पडते.

१६९२ मध्ये ते कँडीला गेले. पोर्तुगीज हेर असल्याचा आळ आला आणि राजा दुसरा विमलधर्मसूर्य याने त्यांना कैदेत टाकले. कैदेतच ते सिंहली शिकले. बौद्ध राजाला या माणसाकडून धोका नाही हे हळूहळू पटले, आणि पुढे याच राजाच्या राज्यात त्यांना मोकळेपणी काम करता आले.

१६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. राजा आणि दरबार शहर सोडून गेले. रीत अशी होती की देवी आलेल्याला घरातून काढून रानात सोडायचे. घरच्यांना दोष देणे सोपे आहे, पण लस नव्हती, औषध नव्हते, आणि घरात बाकीची मुलेही असत. फादर वाज आणि गोव्याहून आलेला त्यांचा भाचा, फादर जुझे कार्व्हाल्यु, शहरातच राहिले. रिकाम्या घरांत त्यांनी रुग्णांची सोय केली. त्यांना अंघोळ घालणे, भरवणे, मेलेल्यांना पुरणे ही कामे दोघांनी स्वतः केली. रुग्ण ख्रिस्ती की बौद्ध हे पाहिले नाही. रानात टाकलेल्यांनाही शोधून आणले. साथ संपेपर्यंत हे चालू राहिले.

पुढे गोव्याहून आणखी पाद्री आले. त्यांत दिवाडीचे जाकोम गोन्साल्विस होते, ज्यांनी सिंहली आणि तमिळमध्ये ग्रंथ लिहिले. फादर वाज १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत वारले. त्यांना तिथल्या इगर्जीत पुरले, पण ती इगर्ज पुढे राहिली नाही आणि समाधीची खूणही उरली नाही. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोला पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले. त्यांचे फेस्त १६ जानेवारीला असते, आणि सांकवाळला त्याआधी नऊ दिवस नोव्हेना चालते.