इब्ने मुक्ला : अक्षराला माप देणारा वजीर

अबू अली मुहम्मद इब्ने मुक्ला यांचा जन्म बगदादमध्ये हिजरी २७२ (इ.स. ८८६) साली झाला. फारस प्रांतातील करवसुलीच्या कामापासून चढत चढत ते मुक्तदिर, काहिर आणि राजी या तीन अब्बासी खलिफांचे वजीर झाले. राजकारणात ते निर्मळ राहिले असे म्हणवत नाही. कारस्थाने त्यांनीही केली. परंतु त्यांचे स्मरण होते ते अक्षरासाठी.

त्या काळी कातिबांची अक्षरे ज्याच्या त्याच्या सवयीप्रमाणे लहानमोठी होत. इब्ने मुक्ला यांनी त्यांना माप दिले. बोरूचे टोक तिरपे टेकवले की चौकोनी नुक्ता उमटतो. त्या नुक्त्यांनी अलिफची उंची मोजावयाची, अलिफला व्यास मानून वर्तुळ आखावयाचे आणि इतर अक्षरांची वळणे त्याच्या प्रमाणात बसवावयाची. खुशखत शिकणारा विद्यार्थी आजही नुक्तेच मोजतो.

पुढे अमीरुल उमरा इब्ने राइक याच्याशी वैर आले. खलिफा राजी यांनी साथ सोडली आणि इब्ने मुक्ला यांचा उजवा हात तोडण्यात आला. ज्या हाताने पवित्र कुरआन लिहिला तो चोराच्या हातासारखा छाटला जावा, हेच दुःख त्यांना अधिक जाळीत होते, असे चरित्रकार सांगतात. उरलेल्या हाताच्या थोट्याला लेखणी बांधून ते लिहीत राहिले. नंतर जीभही कापली गेली. हिजरी ३२८ (इ.स. ९४०) मध्ये कैदेतच त्यांचा इंतकाल झाला.

त्यांच्या हातचे निर्विवाद असे एकही पान आज उरलेले नाही. त्यांची रीत इब्नुल बव्वाब यांनी पुढे नेली. त्यांनी हिजरी ३९१ मध्ये लिहिलेली कुरआनची प्रत डब्लिन येथे जतन केलेली आहे.