डिकीतल्या दोन सबवूफरना पॉवर कशी वाटली जाते? उत्तर देणाऱ्या ओहमला पद मिळायला २५ वर्षं लागली

गाडीच्या डिकीत एक सबवूफर आहे, मस्त वाजतोय. मग हौस वाढते आणि त्याच ॲम्प्लिफायरला दुसरा सबवूफर जोडला जातो. अपेक्षा असते डबल धमाक्याची. पण होतं काय, तर कधी आवाज आधीपेक्षा कमी येतो आणि कधी ॲम्प्लिफायर इतका तापतो की प्रोटेक्टचा लाल दिवा लावून बंदच पडतो.

मग शिव्या ॲम्प्लिफायरला बसतात. पण बऱ्याचदा गडबड असते ती वायर जोडण्याच्या पद्धतीत. आणि कोणत्या जोडणीत कुणाच्या वाट्याला किती पॉवर येणार, हे ज्या नियमावरून कळतं तो नियम जवळपास २०० वर्षांपूर्वीचा आहे. शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला, ओहमचा नियम.

नियम सगळ्यांना माहितीय, पण तो मांडल्यावर त्या माणसाचं काय झालं, हे फारसं कुणी सांगत नाही.

तर जॉर्ज सायमन ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ चा. गाव जर्मनीतल्या बव्हेरियामधलं एर्लांगन. वडील कुलपं बनवायचे, आई एका शिंप्याची मुलगी. सात भावंडांपैकी तिघंच जगली. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली.

वडील फारसे शिकलेले नव्हते, पण स्वतः पुस्तकं वाचून गणित आणि विज्ञान शिकले होते. तेच त्यांनी जॉर्ज आणि मार्टिन या पोरांना घरी शिकवलं. पुढं मार्टिनही गणिताचा प्राध्यापक झाला.

१८०५ मध्ये जॉर्ज एर्लांगनच्या विद्यापीठात गेला. पण अभ्यासापेक्षा नाच, बिलियर्ड्स आणि बर्फावरचं स्केटिंग यातच पोरगं जास्त रमलं. ज्या बापाला परिस्थितीमुळे शिकता आलं नाही, त्याला हे बघवणार थोडंच? वडील भडकले. तीन सेमिस्टरनंतर जॉर्जला विद्यापीठ सोडावं लागलं आणि १८०६ मध्ये तो स्वित्झर्लंडमधल्या एका शाळेत गणित शिकवायला गेला.

तिथं मात्र गाडी रुळावर आली. शिकवता शिकवता त्याने स्वतःचा अभ्यास सुरू ठेवला, १८११ मध्ये एर्लांगनला परत आला आणि त्याच वर्षी डॉक्टरेट मिळवली. विद्यापीठात शिकवायलाही लागला, पण पगार इतका तुटपुंजा की पोट भरणं अवघड. नाइलाजाने त्याने १८१३ मध्ये बांबेर्गच्या एका शाळेत नोकरी धरली. १८१७ मध्ये कोलोनच्या शाळेत संधी मिळाली आणि तिथं त्याला हवी ती गोष्ट सापडली, ती म्हणजे फिजिक्सची चांगली प्रयोगशाळा.

१८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेडने दाखवून दिलं होतं की तारेतून वीज वाहिली की शेजारची चुंबकसुई हलते. ओहमने यातून मोजमापाची युक्ती काढली. सुई किती वळते यावरून करंट किती आहे ते कळणार. मग तारेची लांबी वाढवत न्यायची आणि करंट किती कमी होतो ते बघायचं.

१८२५ मध्ये त्याने पहिला निबंध छापला, पण त्यातलं सूत्र चुकलं. कारण त्या काळची बॅटरी एकसारखा दाब द्यायची नाही, प्रयोग सुरू असतानाच तिचा जोर कमी व्हायचा.

तेव्हा पोगेनडॉर्फ नावाच्या संपादकाने त्याला सल्ला दिला, बॅटरी सोडून थर्मोकपल वापर. म्हणजे दोन वेगवेगळे धातू जोडायचे, एक जोड गरम ठेवायचा आणि दुसरा थंड, की वीज तयार होते. हा शोध थॉमस सीबेकचा. ओहमने बिस्मथ आणि तांबं जोडलं, एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवलं. दोन्हीकडचं तापमान स्थिर, त्यामुळे विजेचा दाबही स्थिर. कुलूपवाल्याच्या पोराला धातूकाम येत होतं, त्यामुळे उपकरणही त्याने स्वतःच्या हाताने बनवलं. १८२६ मध्ये बरोबर सूत्र हाती आलं आणि १८२७ मध्ये बर्लिनमधून त्याचं पुस्तक आलं.

सोप्या भाषेत नियम असा: करंट म्हणजे व्होल्टेज भागिले रोध. दाब तोच ठेवून रोध निम्मा केला, की करंट दुप्पट.

आता येऊ डिकीकडे.

ॲम्प्लिफायर पॉवर मोजून मापून वाटत नाही. तो फक्त व्होल्टेज देतो, करंट किती ओढायचा हे स्पीकरचा रोध ठरवतो. समजा ॲम्प्लिफायर २० व्होल्ट देतोय आणि सबवूफर ४ ओहमचा आहे. करंट झाला ५ अँपिअर. व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे पॉवर, ती झाली १०० वॅट.

आता असे दोन सबवूफर पॅरलल, म्हणजे शाळेच्या भाषेत समांतर जोडले. दोघांनाही पूर्ण २० व्होल्ट मिळतात, दोघंही ५-५ अँपिअर ओढतात. एकूण रोध २ ओहम, करंट १० अँपिअर आणि पॉवर २०० वॅट, प्रत्येकाला १००. ॲम्प्लिफायर २ ओहम झेपणारा असेल तर उत्तम. नसेल तर तो तापणार आणि लाल दिवा लागणार.

तेच दोन सबवूफर सिरीजमध्ये, म्हणजे एकसर जोडले तर एकूण रोध ८ ओहम. करंट अडीच अँपिअर, पॉवर ५० वॅट. प्रत्येकाच्या वाट्याला फक्त २५ वॅट. दोन सबवूफर लावूनही दणका का बसत नाही, त्याचं कारण हे.

खरी गंमत पुढं आहे. एक सबवूफर ४ ओहमचा आणि दुसरा २ ओहमचा घेतला तर? पॅरललमध्ये ४ ओहमवाल्याला १०० वॅट आणि २ ओहमवाल्याला २०० वॅट. ॲम्प्लिफायरला दिसणारा रोध फक्त १.३३ ओहम. सिरीजमध्ये मात्र उलटं, तिथं ४ ओहमवाल्याला दुप्पट वाटा. म्हणजे वाटणी समान कधीच होत नाही, एक बिचारा मार खातो आणि दुसरा उपाशी राहतो. म्हणूनच दोन्ही सबवूफर सारखेच घ्या असं सांगितलं जातं.

अर्थात हे आकडे सोपे करून घेतलेत. प्रत्यक्षात स्पीकरचा रोध आवाजाच्या फ्रिक्वेन्सीनुसार बदलतो आणि ॲम्प्लिफायरलाही स्वतःच्या मर्यादा असतात. पण हिशोबाची सुरुवात होते ती ओहमपासूनच.

इतका कामाचा नियम शोधल्यावर ओहमला डोक्यावर घेतलं असेल ना? तर नाही.

जर्मनीतल्या अनेकांना भौतिकशास्त्रात एवढं गणित घुसवणं मान्य नव्हतं. बर्लिनच्या पोल नावाच्या अभ्यासकाने तर पुस्तकावर सडकून टीका केली. या पुस्तकाच्या जोरावर विद्यापीठात प्राध्यापक व्हायचं ओहमचं स्वप्न होतं. त्यासाठी त्याने अर्ध्या पगारावर रजा घेऊन बर्लिनमध्ये भावाकडे राहून पुस्तक पूर्ण केलं होतं. ते स्वप्न मोडलं. १८२८ मध्ये त्याने कोलोनची नोकरीही सोडली. पुढची पाच वर्षं बर्लिनमध्ये तात्पुरत्या शिकवण्या करत काढली. १८३३ मध्ये कुठं न्यूरेम्बर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये जागा मिळाली.

पण नियम खरा होता, त्यामुळे तो लपून राहिला नाही. जर्मनीत फेखनरने आणि फ्रान्समध्ये पुइयेने केलेल्या प्रयोगांतूनही तेच निष्कर्ष आले. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने ओहमला कोपली मेडल दिलं. तेव्हा त्याचं वय होतं ५२.

त्यानंतरही गडी शांत बसला नाही. १८४३ मध्ये त्याने आवाजाबद्दल सिद्धांत मांडला, की आपला कान गुंतागुंतीच्या आवाजाची साध्या सुरांमध्ये फोड करून ऐकतो. यावर त्याच्याशी भांडला ऑगस्ट सीबेक, म्हणजे ज्यांच्या थर्मोकपलने ओहमला तारलं होतं त्या सीबेकचाच मुलगा. हेल्महोल्ट्झने ओहमची बाजू उचलून धरली, पण त्याचा गाजलेला ग्रंथ १८६३ मध्ये आला. तो बघायला ओहम नव्हता.

ज्या प्राध्यापकपदाची आस त्याने १८२७ पासून धरली होती, ते म्युनिक विद्यापीठातलं प्रायोगिक भौतिकशास्त्राचं पद त्याला १८५२ मध्ये मिळालं. वयाच्या ६३ व्या वर्षी. दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी तो गेला.

१८८१ मध्ये पॅरिसला जगभरातले वीजतज्ज्ञ जमले आणि रोधाच्या एककाला ओहम हे नाव पक्कं झालं. आज सबवूफरच्या मागे ४ च्या पुढे जे घोड्याच्या नालेसारखं चिन्ह छापलेलं असतं, ते वाचताना आपण त्याचंच नाव घेतो. दुसरा सबवूफर जोडायच्या आधी ते चिन्ह आणि त्याच्या मागचा आकडा नीट बघून घ्या. ॲम्प्लिफायर वाचेल.